शाळेचे कुलूप सर्वांत शेवटी का निघते?

सोमवारी, १० जानेवारी २०२२ ला दोन ठिकाणी दोन उलट गोष्टी घडल्या. जगात सर्वाधिक काळ शाळा बंद ठेवणारा देश म्हणून ज्याचे नाव गेले वर्षभर घेतले जात होते, त्या युगांडाने जवळपास दोन वर्षांनी आपल्या शाळांची दारे उघडली. त्याच दिवशी महाराष्ट्रात, दीड-दोन महिन्यांपूर्वी कुठे सुरू झालेल्या वर्गांना पुन्हा कुलूप लागले, तेही थेट १५ फेब्रुवारीपर्यंत. दहावी-बारावीची परीक्षेशी संबंधित कामे तेवढी वगळली.

८ जानेवारीचा तो आदेश नीट वाचण्यासारखा आहे. उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने रात्री दहापर्यंत सुरू. मॉल, चित्रपटगृहे, नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने सुरू. खासगी कार्यालये निम्म्या उपस्थितीत सुरू. लग्नाला ५० माणसे. व्यायामशाळा आणि ब्युटी सलून यांना आधी बंदी होती. त्यावर ओरड झाली आणि दुसऱ्याच दिवशी सुधारित आदेश निघून त्यांनाही ५० टक्क्यांची सवलत मिळाली. शाळेसाठी असा सुधारित आदेश चोवीस तासांत निघाला नाही. पहिली-दुसरीच्या मुलांची संघटना नसते आणि ती कोणाला निवेदनही देत नाहीत. इंग्रजी शाळांच्या ‘मेस्टा’ या संघटनेने आदेश झुगारून शाळा उघडण्याची भाषा केली खरी, पण त्यामागे शुल्काचाच प्रश्न आहे असे म्हणून ती बाजूला सारली गेली. शुल्काचा प्रश्न असेलही. मुलांचा प्रश्न तेवढ्याने खोटा ठरत नाही.

ओमायक्रॉनची लाट मोठी होती, यात वाद नाही. राज्यातला रोजचा आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला होता. माणसे जिथे एकत्र येतात तिथे विषाणू पसरणारच, म्हणून गर्दीला कात्री लावावी लागते, हेही मान्य. प्रश्न कात्री कुठून चालवायची याचा आहे. साथीच्या काळात समाजाकडे माणसांच्या भेटीगाठींची ठरावीक शिल्लक असते असे समजा. ती सगळी खर्च केली तर रुग्णालये भरतात. मग ही शिल्लक आधी कशावर खर्चायची: कारखान्यावर, वर्गावर, की हॉटेलच्या टेबलावर? जानेवारी २०२२ पर्यंतची पावणेदोन वर्षे आपण हा हिशेब एकाच पद्धतीने केला. आधी बाजार, मग देऊळ, मग पर्यटन आणि शेवटी शाळा.

औरंगाबादच्या वाचकांना ही क्रमवारी पाठ असेल. ५ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यात उपाहारगृहे आणि बार उघडले. १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, प्रार्थनास्थळे उघडली. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली, पण निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला गेला आणि औरंगाबाद महापालिकेने शहरातल्या शाळा ३ जानेवारी २०२१ पर्यंत बंदच ठेवल्या. दरम्यान डिसेंबरात वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्या पर्यटकांसाठी खुल्या झाल्या. म्हणजे शहरातल्या दहावीच्या मुलाला आपल्या वर्गात जाण्याआधी कैलास लेणे पाहता आले असते. लेणी उघडू नयेत असे कोणी म्हणणार नाही. गाइड, रिक्षावाले, हिमरू विणणारे यांची चूल त्यावरच पेटते. पण क्रम उलटा होता, एवढे तरी कबूल करायला हवे.

आता दुसरी बाजू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद करणे चूक होते का? नव्हते. साथीच्या आजारांचे जे ज्ञान तेव्हा हाताशी होते ते मुख्यत्वे इन्फ्लुएन्झाचे होते. फ्लू पसरवण्यात लहान मुले सर्वांत पुढे असतात. शाळेतून तो घरी येतो, घरातून गल्लीत जातो. १९१८ च्या साथीत अमेरिकेतल्या ज्या शहरांनी शाळा आणि सभा लवकर बंद केल्या तिथे मृत्यूचा कळस बसका राहिला, हे डॉक्टरांना शिकवले जाते. नवा विषाणूही तसाच वागेल असे धरून चालणे सावधपणाचे होते. चूक झाली ती पुढे. विषाणू फ्लूसारखा वागत नाही हे २०२० च्या उन्हाळ्यातच दिसू लागले होते, तरी आपला नियम बदलला नाही.

फरक वयाचा आहे आणि तो थोडाथोडका नाही. लसी येण्यापूर्वी, प्रामुख्याने श्रीमंत देशांतली आकडेवारी एकत्र करून अँड्र्यू लेविन आणि सहकाऱ्यांनी वयानुसार मृत्यूचा धोका काढला. संसर्ग झालेल्या दहा वर्षांच्या एक लाख मुलांमागे साधारण दोन मृत्यू. पंचवीस वर्षांच्या लाखामागे दहा. पंचावन्नच्या लाखामागे चारशे. पासष्टच्या लाखामागे चौदाशे. नातू आणि आजोबा यांच्यात सातशे पटींचे अंतर. फ्लूमध्ये असा आलेख दिसत नाही. तिथे तान्ही बाळे आणि म्हातारी माणसे दोघेही दगावतात. कोरोनाचा विषाणू ज्या एसीई-२ या ग्राहकांना धरून पेशीत शिरतो, ते लहान मुलांच्या नाकात कमी असतात. शिवाय मुलांची जन्मजात प्रतिकारयंत्रणा अनोळखी विषाणूवर पहिल्याच दिवशी तुटून पडते, असे या फरकाचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

मुले आजारी पडतच नाहीत असे मात्र नाही. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना ‘एमआयएस-सी’ होतो: तीव्र ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, कधी हृदयावर परिणाम. औरंगाबादच्या बालरोगतज्ज्ञांनीही असे रुग्ण पाहिले आहेत. वेळेत ओळखला तर स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनने बहुतेक मुले बरी होतात. पण इम्युनोग्लोब्युलिन महाग असते आणि उशीर परवडत नाही. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये कोरोनाबाधित मुलांचे रुग्णालयातले प्रमाण तोवरच्या सर्वांत वर गेले होते. त्यात पाच वर्षांखालची, म्हणजे शाळेत न जाणारी आणि लसही न मिळालेली मुले बरीच होती. पालकांची भीती हवेतून आलेली नव्हती.

म्हणून ‘शाळा उघडल्या तर काय होते’ हे अंदाजाने न बोलता, जिथे उघडल्या तिथे पाहावे. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजीच शाळा उघडल्या, तेही सर्वांत लहान मुलांपासून. आपण नेमके उलटे केले: मोठ्यांना आधी, चिमुकल्यांना शेवटी. इस्रायलने मे महिन्याच्या मध्याला सगळ्या शाळा एकदम उघडल्या. तीस-पस्तीस मुलांचे वर्ग, उष्णतेची लाट आली म्हणून मास्कला सुट्टी, खिडक्या बंद आणि एसी सुरू. जेरुसलेमच्या एका शाळेत दहा-बारा दिवसांत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले. शाळा कशी उघडू नये याचा हा नमुना आहे.

स्वीडनने सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा बंदच केल्या नाहीत. मार्च ते जून २०२० या चार महिन्यांत तिथल्या साडेएकोणीस लाख मुलांपैकी १५ जणांना कोरोनामुळे अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. एकही मूल कोरोनाने दगावले नाही. शाळा उघडाव्यात असे म्हणणारे हा आकडा नेहमी सांगतात आणि तिथेच थांबतात. स्वीडनचाच दुसरा अभ्यास मात्र पुढे जातो. तिथे वरच्या वर्गांचे शिक्षण ऑनलाइन होते आणि खालच्या वर्गांचे प्रत्यक्ष. दोन्हीकडच्या शिक्षकांची तुलना केली तेव्हा प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांना संसर्गाचा धोका साधारण दुप्पट निघाला. पालकांमधला फरक मात्र किरकोळ होता, १७ टक्क्यांच्या आसपास. शाळा उघडण्याची खरी किंमत मुलांपेक्षा शिक्षकांकडून वसूल होते, असा याचा अर्थ. तेव्हा लस नव्हती. आज आहे.

स्वीडन म्हणजे आपण नव्हे, हा आक्षेप योग्यच आहे. आपल्याकडे दोन खोल्यांत आजी-आजोबांसह सहा-सात माणसे राहतात. मुलाने आणलेला विषाणू त्याच्यापुरता राहत नाही. पण या आक्षेपाला आपल्याच देशातले उत्तर आहे. आयसीएमआरने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या चौथ्या राष्ट्रीय सिरो सर्वेक्षणात सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. दहा ते सतरा वयोगटात ६१.६ टक्के, सर्व वयोगट मिळून ६७.६ टक्के. पहिली ते चौथीचे वर्ग तेव्हा सव्वा वर्ष बंद होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना घरबसल्या संसर्ग होऊन गेला होता. वाळूजहून पाळी संपवून आलेले वडील, शहागंजातून भाजी घेऊन आलेली आई, लग्नाला जाऊन आलेला काका यांच्यामार्फत विषाणू घरात येतच होता. आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी त्याच वेळी, शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून उघडाव्यात, असे जाहीरपणे सुचवले होते. महाराष्ट्रात पहिलीचा वर्ग भरायला त्यानंतर डिसेंबर उजाडला.

मग अर्थव्यवस्था आधी उघडली हेच चुकले का? असे म्हणणाऱ्याने करमाडजवळचा रेल्वेमार्ग आठवावा. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला रुळांवरून चालत निघाले होते. थकून तिथेच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. कोरोनाने नव्हे, काम बंद झाल्याने. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन जवळपास एक चतुर्थांशाने घटले. ही घट औरंगाबादेत बजाजनगर, रांजणगाव, चिकलठाण्यातल्या भाड्याच्या खोल्यांमधून दिसत होती. मजुरी थांबली की पोषण थांबते, औषध थांबते. क्षयरोग आणि मधुमेहाचे रुग्ण गोळ्या सोडतात. कारखाने सुरू करणे हा आरोग्याचाही निर्णय होता आणि तो बरोबर होता.

ते सुरू ठेवणे फुकट मिळाले नाही, हेही विसरू नये. जून २०२० च्या अखेरीस वाळूजच्या एका मोठ्या वाहन कारखान्यातच अडीचशेहून अधिक कामगार बाधित असल्याचे समोर आले. संघटनेने काही दिवस काम थांबवण्याची मागणी केली. १० ते १८ जुलै या काळात शहर आणि औद्योगिक वसाहती जनता कर्फ्यूत बंद राहिल्या. त्यानंतर काय झाले ते महत्त्वाचे आहे. कोणीही ‘आता वाळूज १५ फेब्रुवारीपर्यंत बंद’ असे म्हटले नाही. पाळ्या वेगळ्या केल्या, बसमध्ये एकाआड एक आसन ठेवले, उपाहारगृहातल्या टेबलांवर पडदे लावले, अँटिजेन चाचण्या केल्या. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, शहरात खाटा मिळत नव्हत्या आणि ऑक्सिजनसाठी धावाधाव होती तेव्हाही बरेचसे उद्योग अटींवर चालू होते. कारखाना सुरक्षित कसा चालवायचा हे आपण शिकलो, कारण तो चालवायचाच हे आधी ठरवले होते. शाळेबाबत हे पहिले वाक्यच कोणी उच्चारले नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा मिळाली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. प्रयत्न मनापासूनचे होते. पण ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. खेड्यातली केवळ आठ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के काहीच शिकत नव्हती. जवळपास निम्म्या मुलांना चार-दोन शब्दांपलीकडे वाचता येत नव्हते.

मराठवाड्यात शाळा म्हणजे नुसता अभ्यासही नाही. दुपारची खिचडी तिथे मिळते. किशोरवयीन मुलींना आठवड्याची लोहाची निळी गोळी तिथेच दिली जाते, आणि राज्यात या वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्त कमी आहे. जंतनाशक गोळी शाळेत, डोळ्यांची आणि हृदयाची पहिली तपासणी शाळेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक ज्या मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावते, त्याच्या हृदयातले छिद्र कधी कधी आयुष्यात प्रथमच कोणाला तरी ऐकू येते. बंद वर्गात स्टेथोस्कोप जात नाही. कोरडा शिधा घरी पोहोचवता येतो, तपासणी पोहोचवता येत नाही.

आणि तो जानेवारी होता. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता. शाळा आणि हंगामी वसतिगृह सुरू असेल तर मूल आजीपाशी गावात राहते. बंद असेल तर आई-बापाबरोबर फडावर जाते आणि फडावर गेलेले मूल वाढे गोळा करू लागते. मुलगी असेल तर आणखी एक शक्यता असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड आणि परभणी जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयोगटातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. ही पाहणी २०१९ ची, म्हणजे साथीच्या आधीची, शाळा सुरू असतानाची आहे. दहावीतून गळालेल्या मुलीला प्रसूती कक्षात पाहणे सरकारी रुग्णालयांना नवे नाही. पन्नास माणसांत उरकणारे स्वस्त लग्न आणि बंद शाळा एकत्र आल्यावर काय होते, हे सांगायला वेगळ्या पाहणीची वाट बघण्याची गरज नाही.

शाळा विरुद्ध अर्थव्यवस्था ही मांडणीही तितकीशी खरी नाही. एरिक हनुशेक आणि लुडगर वोसमन या अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्येच हिशेब मांडला होता: वर्षाच्या एक तृतीयांश शिक्षण बुडाले तर त्या मुलांची आयुष्यभराची कमाई सुमारे तीन टक्क्यांनी घटते. आपल्या मुलांचे दीड वर्षाहून अधिक बुडाले होते. तेव्हाचा तोटा पाहायचा तर लहान मूल घरी असल्यामुळे शेंद्र्याच्या कंपनीतले काम सोडलेल्या आईला विचारावे.

आता लसीकडे. ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना कोव्हॅक्सिन मिळू लागली होती. सर्वांत सोयीचे केंद्र कोणते, तर शाळेचा वर्ग: हजेरीपट समोर, मुले एका जागी, शिक्षक ओळखीचे. नेमक्या त्याच आठवड्यात शाळा बंद करण्याचा आदेश निघाला. मोठ्यांची गोष्ट तर याहून बोचरी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्हा लसीकरणात राज्यातल्या ३६ जिल्ह्यांत २६ व्या क्रमांकावर होता. पहिली मात्रा घेतलेले राज्यात ७४ टक्के, इथे सुमारे ५५ टक्के. जिल्हा प्रशासनाने मग आदेश काढला: किमान एक मात्रा घेतल्याशिवाय पेट्रोल नाही, गॅस नाही, स्वस्त धान्य नाही, अजिंठा-वेरूळचे तिकीट नाही. धान्य अडवणे कितपत योग्य, यावर मतभेद होऊ शकतात आणि व्हायला हवेत. पण केंद्रांवर रांगा लागल्या. मोटारसायकलसाठी मोठी माणसे लस घेतात हे तेव्हा दिसले. ‘तुमच्या वॉर्डातल्या नव्वद टक्के मोठ्यांनी दोन्ही मात्रा घेतल्या तर तुमच्या वॉर्डातली शाळा बंद होणार नाही’ असा आदेश काढून पाहायला हरकत नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये नेमके उलट चालले होते. लस टाळणारा माणूस हॉटेलात निम्म्या क्षमतेत बसत होता आणि त्याच्यामुळे वाढलेल्या आकड्याची भरपाई त्याचा पुतण्या घरी बसून करत होता.

हॉटेल आणि वर्ग यांत विषाणूला कोणते सोपे, हेही पाहावे. विषाणू हवेतून पसरतो. जेवताना मास्क काढावाच लागतो, बंद खोलीत तासभर गप्पा होतात आणि टेबले भरतात ती वेगवेगळ्या घरांतल्या मोठ्या माणसांची. जिल्हा परिषदेच्या शाळेला दोन्ही बाजूंनी खिडक्या असतात, पुढे ओसरी असते, अंगणात बहुधा एखादा लिंब असतो. मराठवाड्यातला जानेवारी बाहेर बसून शिकायला वर्षातला सर्वांत चांगला महिना. शहरातल्या बंद काचांच्या, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गांची गोष्ट वेगळी. तिथे निम्मी मुले एक दिवसाआड बोलवावी लागतील, पंखे चालू आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतील, डबा वर्गात न खाता मैदानात खावा लागेल. ज्या शिक्षकांना मधुमेह आहे, ज्यांचे वय पंचावन्नच्या पुढे आहे, त्यांना दोन मात्रा आणि वर्धक मात्रा आधी मिळाली पाहिजे. त्यांच्यासाठी चांगल्या दर्जाचे मास्क शासनाने द्यावेत. स्वीडनचा दुसरा अभ्यास तेच सांगतो. बाधित मूल सापडले तर तो वर्ग आठवडाभर बंद करावा. गंगापूरच्या एका वर्गासाठी सोयगावची शाळा बंद ठेवण्याचे वैद्यकीय कारण देता येत नाही.

शाळा कधीच बंद करू नयेत, असे नाही. घाटी आणि महापालिकेच्या केंद्रांमधल्या ऑक्सिजनच्या खाटा झपाट्याने भरू लागल्या, तर सगळेच थांबवावे लागेल आणि त्यात शाळाही येतील. पण त्या दिवशी आधी बार, मॉल, चित्रपटगृहे आणि लग्नाचे हॉल बंद झालेले असले पाहिजेत. रोजच्या बाधितांचा आकडा पाहून शाळेचा निर्णय घेणे ओमायक्रॉनच्या काळात फसवे होते, कारण बाधितांच्या तुलनेत दाखल होणारे रुग्ण मागच्या दोन लाटांपेक्षा खूपच कमी होते. पाहायचे ते खाटांकडे.

जून २०२० मध्ये जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात ज्या मुलाचे नाव पहिलीत घातले, ते जानेवारी २०२२ मध्ये पटावर दुसरीत होते. त्याची शाळा पहिल्यांदा भरली १ डिसेंबर २०२१ रोजी आणि बंद झाली जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. दोन वर्षांत रविवार धरून जेमतेम चाळीस दिवस. जून २०२२ मध्ये ते तिसरीत बसणार होते.